पंचगंगेवर वर्गाची सहल: पालक आणि शिक्षक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

गेली काही वर्षं मी आठवीचा वर्ग कोल्हापुरात पंचगंगा नदीवर नेतो. दरवर्षी सहलीची चिठ्ठी घरी गेली की त्याच संध्याकाळी फोन वाजायला लागतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. दुसऱ्या शाळांतले शिक्षकही विचारतात. म्हणून आलेले प्रश्न, जमेल तसे विचारणाऱ्याच्याच भाषेत, एकत्र लिहून ठेवले आहेत.

१. सर, पंचगंगा तर रोज दिसते. तिथं सहल कसली न्यायची?

रोज दिसते म्हणूनच. वर्गातल्या मुलांना पहिल्या दिवशी मी विचारतो, "घाटावर उभं राहिलं तर पाणी कुठल्या बाजूला वाहतं?" निम्मा वर्ग डावीकडं हात करतो, निम्मा उजवीकडं. पन्हाळा, रायगड, महाबळेश्वर यांच्या सहली होतात आणि व्हाव्यात. पण तिथं मूल एकदाच जातं आणि बघून परत येतं. गावातल्या नदीवर त्याच जागी दोनदा जाता येतं, मोजता येतं आणि पहिल्या वेळची नोंद दुसऱ्या वेळेशी ताडून बघता येते. माझ्या लेखी सगळं शिक्षण त्या दुसऱ्या फेरीत आहे. एकदाच जाऊन येणार असाल तर ती फिरस्ती झाली. वाईट नाही, पण तिला अभ्यास म्हणू नका.

२. नेमकं कुठं कुठं नेता?

तीन ठिकाणी. सकाळी प्रयाग चिखलीचा संगम, मग गंगावेशीतून खाली पंचगंगा घाट आणि शेवटी कसबा बावड्याचा राजाराम बंधारा. आधी चार-पाच ठिकाणं करायचो. दुपारनंतर मुलं नदीकडं न बघता डब्याकडं बघायला लागली, तेव्हा तीनवर आणलं. तेवढाही वेळ नसेल तर फक्त घाट करा, पण तिथं दोन तास थांबा.

३. पंचगंगेच्या पाच नद्या कुठल्या? मुलाला चारच सापडल्या.

मूल बरोबर आहे. नकाशात कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चारच सापडतात. पाचवी सरस्वती. ती गुप्त आहे, असं परंपरा सांगते. चौघी सह्याद्रीच्या कडेला उगम पावतात आणि वाटेत एकमेकींना मिळत चिखलीपाशी एकत्र येतात. तिथून पुढं नदीला पंचगंगा म्हणायचं. हा प्रवाह साधारण ८० किलोमीटर वाहून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतो.

उत्तर इथंच थांबवू नका. पुढचं मुलांना जास्त आवडतं. कुंभीचा उगम गगनबावड्याकडचा, आणि तिथं वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोल्हापूर शहरात साधारण १००० मिलिमीटर. आणखी पूर्वेला शिरोळकडं तर त्याहून कमी. म्हणजे पाऊस पडतो एका तालुक्यात आणि पुरात बुडतो दुसराच. शिरोळला ऊन पडलेलं असताना घरात पाणी का शिरतं, हे कोडं याच नकाशावर सुटतं. सहलीच्या आधी वर्गात मुलांकडून हा नकाशा हातानं काढून घ्या, छापील वाटू नका.

४. कधी न्यायचं? पावसाळ्यात नदी भरलेली असते, तेव्हा छान दिसेल की.

जून ते सप्टेंबर अजिबात नाही. छान दिसते हे खरं, पण ती पुलावरून आई-वडिलांसोबत बघायची. राधानगरी धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, आणि ते पाणी भोगावतीतून आपल्याकडं येतं. घाटावर कडक ऊन असलं तरी वरच्या अंगाला काय चाललंय ते घाटावरून कळत नाही.

आम्ही दोनदा जातो. पहिली फेरी ऑक्टोबरमध्ये, परतीचा पाऊस ओसरल्यावर, पण बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायच्या आधी. दुसरी फेब्रुवारीत. मध्ये बरगे पडलेले असतात आणि नदीचा स्वभावच बदललेला असतो. तो कसा, ते प्रश्न ८ मध्ये आहे. ऑक्टोबरात पाऊस लांबला तर सहल पुढं ढकलतो. तारीख बदलली म्हणून कुरकुर होते, ती ऐकून घ्यायची.

५. आमच्या पोराला चांगलं पोहता येतं. त्याला पाण्यात उतरू द्या ना.

नाही.

एवढं उत्तर पुरत नाही, हे मला माहीत आहे. कोल्हापुरात पंचगंगेत पोहायला शिकलेले आजोबा घरोघरी आहेत, आणि "आम्ही तर शिवाजी पुलावरून सूर मारायचो" हे वाक्य मला दरवर्षी ऐकवलं जातं. त्यांचं खरं आहे. पण ते चार मित्रांसोबत गेले होते आणि मी चाळीस मुलं घेऊन जातो. पोहता येणाऱ्या एकाला सोडलं की न येणारे तिघं त्याच्या मागं उतरतात. बुडणारं मूल ओरडत नाही, ते गप्पच खाली जातं. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी उथळ दिसतं, पण तिथं भोवरा असतो आणि तो पट्टीच्या पोहणाऱ्यालाही धरून ठेवतो. पायऱ्यांवर शेवाळ असतं. शिवाय पाण्यात सांडपाणी आहे. पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होऊ शकतो.

म्हणून नियम एकच: पाण्यालगतच्या तीन पायऱ्या मोकळ्या, तिथं एकही मूल नाही. पाणी काढायचं ते शिक्षकांनी, दोरीला बांधलेल्या बादलीनं. होडीही नाही, "फक्त पलीकडं जाऊन येऊ" म्हणूनही नाही.

६. परवानगी कुणाची लागते आणि सोबत किती मोठी माणसं असावीत?

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, प्रत्येक पालकाचं संमतीपत्र आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाला रीतसर कळवून घेतलेली मान्यता. "गावातल्या गावात तर जायचंय" म्हणून हे टाळू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेली कॉलेजची मुलं बुडाली, तेव्हापासून पाण्याजवळच्या सहलीकडं सगळेच जास्त बारकाईनं बघतात, आणि ते योग्यच आहे.

माणसांचा आमचा हिशेब दहा मुलांमागं एक मोठं माणूस असा आहे. त्यातला एक जण फक्त पाण्याकडच्या बाजूला उभा राहतो आणि दुसरं काहीच करत नाही. फोटो काढत नाही, माहिती सांगत नाही. हे काम सोपं वाटतं, पण सगळ्यात कंटाळवाणं तेच आहे. म्हणून दर अर्ध्या तासानं माणूस बदला.

७. मुलासोबत काय द्यायचं?

डबा, घरचं पिण्याचं पाणी, टोपी, मागं पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, वही आणि पेन्सिल. पेन नको, ओल्या हातानं शाई पसरते. मोबाईल नको. खाऊला पैसे नकोत. वेफर्सची पाकिटं तर मुळीच नकोत, कारण ती शेवटी कुठं जातात ते बघायलाच आपण निघालो आहोत.

८. संत्रं टाकून नदीचा वेग मोजतात म्हणे. कसा? आणि संत्रंच का?

घाटाच्या कडेनं टेपनं १० मीटर मोजायचे आणि दोन्ही टोकांना एकेक मूल उभं करायचं, अर्थात तीन पायऱ्या सोडून. शिक्षकांनी वरच्या अंगाला संत्रं प्रवाहात फेकायचं. पहिल्या मुलासमोर आलं की घड्याळ चालू, दुसऱ्यासमोर आलं की बंद. २५ सेकंद लागले तर १० भागिले २५, म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर. असं पाच वेळा करून सरासरी घ्यायची. पाणी वर जोरात आणि तळाशी सावकाश वाहतं, म्हणून आलेल्या आकड्याला ०.८५ नं गुणायचं. संत्रं घ्यायचं कारण ते जवळजवळ सगळं पाण्यात बुडून तरंगतं, त्यामुळं वारा त्याला फारसा ढकलू शकत नाही. चेंडू किंवा रिकामी बाटली घेतली तर तुम्ही वारा मोजता, नदी नाही. शिवाय संत्रं हरवलं तरी कचरा होत नाही.

आता गंमत सांगतो. पहिल्या वर्षी मी हे सगळं वर्गात झोकात शिकवलं आणि फेब्रुवारीत मुलांना घाटावर नेलं. संत्रं फेकलं आणि ते जागचं हललंच नाही. पाच मिनिटं झाली तरी तिथंच. मग आलेल्या झुळकीनं जरासं मागंच सरकलं. अख्खा वर्ग हसला. माझा चेहरा पडला होता, पण एका मुलीनं विचारलं, "सर, म्हणजे ही नदी नाहीच का?" त्या प्रश्नासाठी मी आजही तिचा ऋणी आहे.

त्या प्रश्नाचं उत्तर कसबा बावड्याला आहे. राजाराम बंधारा कोल्हापूर पद्धतीचा आहे. दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसवायच्या फळ्या, म्हणजे बरगे. पावसाळा संपला की बरगे घालतात आणि पाणी अडतं. पावसाळ्याच्या तोंडाला काढतात, मग पूर आणि गाळ मोकळा निघून जातो. साधी आणि हुशार रचना आहे. आपल्या जिल्ह्याचं नाव घेऊन ती महाराष्ट्रभर गेली. पण बरगे असेपर्यंत घाटावरचं पाणी म्हणजे बंधाऱ्यामागचा तुंबारा असतो. ऑक्टोबरात पळणारं संत्रं फेब्रुवारीत का थांबतं, हे मुलांनी आधी घाटावर बघावं आणि कारण मग बंधाऱ्यावर सापडावं. आमच्या ठिकाणांचा क्रम त्यासाठीच तसा आहे.

९. पीएचच्या पट्टीनं पाणी तपासलं, सात-आठच्या मध्ये आलं. म्हणजे नदी स्वच्छ आहे ना?

नाही, आणि इथं शिक्षकही फसतात. घरातलं सांडपाणी साधारण उदासीनच असतं, ना आम्ल ना अल्क. त्यामुळं पीएचची पट्टी निवांत हिरवी दाखवते आणि मुलं "पाणी चांगलं आहे" असं लिहून मोकळी होतात. पीएच मोजा, पण त्यावर निकाल देऊ नका.

खरी गोष्ट पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची आहे. २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. सांडपाणी आलं की ते खाणारे जिवाणू वाढतात आणि हा प्राणवायू वापरून टाकतात. तो ४ च्या खाली गेला की माशांना जड जातं. उन्हाळ्याच्या तोंडाला खालच्या अंगाच्या तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचे फोटो पेपरात येतात, त्यामागं हेच गणित आहे: वरून शहरांचं आणि कारखान्यांचं पाणी, पुढं अडलेला प्रवाह, वर तापणारं ऊन. तपासणीचा संच मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर प्रश्न १० मधली युक्ती वापरा. तिला पैसे पडत नाहीत.

गढूळपणासाठी काचेच्या उंच नळकांड्याच्या तळाखाली काळी फुली काढलेला कागद ठेवा आणि वरून बघत हळूहळू पाणी ओता. फुली दिसेनाशी झाली की पाण्याची उंची मोजा. ऑक्टोबर आणि फेब्रुवारीच्या आकड्यांत मुलांना फरक लगेच दिसतो.

१०. उपकरणं नाहीत आमच्या शाळेत. मग नुसतं बघून काय कळणार?

बरंच कळतं. बादलीतला थोडा गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये ओता आणि दहा मिनिटं गप्प बसा. हलायला लागतात ते जीव मोजा. मेफ्लाय या किड्याची पिल्लं, म्हणजे शेपटीला बहुधा तीन धागे असलेली, दिसली तर पाण्यात प्राणवायू बरा आहे. लालभडक बारीक अळ्याच वळवळत असतील तर कमी आहे. त्या अळ्या लाल असतात कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, आणि थोड्या प्राणवायूवरही त्या निभावतात. चतुर आणि टाचणी या किड्यांची पिल्लं या दोन्हींच्या मधली समजा. बघून झालं की सगळे जीव परत पाण्यात.

पक्ष्यांचंही तसंच. खंड्या दिसला तर बहुधा मासे आहेत. शेकाट्यांचे थवे दिसले तर आनंद होतो, पण हा लांब गुलाबी पायांचा पक्षी सांडपाण्याच्या उथळ चिखलातही मजेत चरतो. त्याच्यावरून नदीला प्रमाणपत्र देऊ नका. मासेमारी करणारे कुणी भेटले तर त्यांना विचारा, जाळ्यात काय येतं. "चिलापीच जास्त" असं उत्तर आलं, तर बाहेरून आणलेल्या माशानं मूळच्या माशांचं काय केलं हा पुढचा तास तयार झाला.

११. नदीवर हिरवं गालिच्यासारखं पसरलंय ते तर सुंदर दिसतं!

ते केंदाळ, म्हणजे जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते आणि थांबलेल्या पाण्यात झपाट्यानं पसरते. खाली ऊन पोचत नाही, आणि कुजली की उरलासुरला प्राणवायू संपतो. फुलं जांभळी आणि देखणी असतात, मुलं तोडायला धावतात. प्रश्न ५ मधला नियम तेव्हा मोठ्यानं सांगा.

१२. इतिहासाच्या बाईंना पण यायचंय. त्यांना काय आहे तिथं?

घाटाला लागूनच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५ च्या सुमारास तिथल्या उत्खननात सातवाहन काळातली वस्ती सापडली, आणि पॉसिडॉन या समुद्रदेवतेची ब्राँझची छोटी मूर्तीही. ती टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. समुद्र नसलेल्या गावात परक्या समुद्राचा देव कसा आला? व्यापारानं. बाईंनी एवढा एक प्रश्न विचारला तरी तास रंगतो. शिवाय घाटावरची छोटी मंदिरं आणि दीपमाळा आहेत. पुरात त्या कुठवर बुडतात ते मुलांना विचारा, पेपरातल्या फोटोंमुळं त्यांना पाठ असतं.

१३. "३९ फूट, ४३ फूट" म्हणजे नक्की कुठून मोजायचं?

राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवरून. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. ही उंची तुमच्या अंगणातली नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हा आकडा ५५ च्या वर गेला होता. मुलांना पट्टी दाखवा, आजची पातळी वाचायला लावा आणि ५५ चा अंदाज हातानं दाखवायला सांगा. माना वर जातात आणि वर्ग एकदम शांत होतो.

१४. २०१९ ला आमचं घर बुडालं होतं. मुलगी नदीला घाबरते. पाठवू का?

आधी तिलाच विचारा आणि मला आठवडाभर आधी सांगा. जबरदस्ती नाही, आणि वर्गासमोर "तुझा अनुभव सांग बरं" असंही कुणी म्हणणार नाही. अशा मुलांना मी वरच्या पायरीवरची नोंदवही देतो, म्हणजे कामही असतं आणि पाण्यापासून अंतरही. एका वर्षी असा एक मुलगा प्रश्न १३ मधल्या मोजपट्टीपाशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मग आधी कळतं की." पट्टी वाचता येणं त्याला धीर देऊन गेलं. दुसऱ्या मुलाला तसंच वाटेल असं नाही. नको वाटलं तर घरी राहू दे, वर्गातलं काम तिला मिळेल.

१५. घाटावर कुणाचे दहाव्या-तेराव्याचे विधी चालू असतील तर?

असतातच. पिंडदान, रक्षाविसर्जन, कधी जवळच्या स्मशानातून उठणारा धूर. मुलांना सकाळीच सांगून ठेवतो: तिथं दुःखात असलेली माणसं असतील. आवाज नाही, बोट दाखवणं नाही. आम्ही घाटाचं दुसरं टोक धरतो. मुलं आपल्याला वाटतं त्याहून समंजस वागतात. फोटो काढायचा मोह मोठ्यांनाच आवरत नाही.

१६. मुलीची पाळी असेल तर घाटावर, देवळापाशी चालतं का?

सहल अभ्यासाची आहे, ती येणार. खरी अडचण स्वच्छतागृहाची असते, म्हणून दर दोन तासांनी थांबा ठरलेला असतो आणि सोबत बाई असतात. पिशवीत जास्तीचे पॅड असतात, मागायला कारण सांगावं लागत नाही.

१७. माझा मुलगा व्हीलचेअरवर असतो. घाटाला तर पायऱ्या आहेत.

तो वर राहून एकटा बघत बसेल असं करू नका. घाटाच्या वरच्या सपाट भागातच नमुन्यांची तपासणी मांडा, बादली तिथं वर येऊ दे. म्हणजे ट्रे, फुली, नोंदी हे मुख्य काम सगळा वर्ग त्याच्याजवळ येऊन करतो. आधी एकदा पालकांसोबत जागा बघून या.

१८. एवढे जाताय तर नदीची स्वच्छता पण करून घ्या की!

हा सल्ला सगळ्यात जास्त येतो, आणि मी तो मानत नाही. गाळात काच, सुया, काय काय असतं. मुलांनी उचललेली वीस पोती दुसऱ्या दिवशी पेपरात येतात आणि तिसऱ्या दिवशी घाट पुन्हा तसाच. मुलांनी कचरा मोजावा: १० मीटरच्या पट्ट्यात काय दिसतं, त्याचे प्रकार लिहावेत. आमच्या यादीत देवाचे फोटो आणि निर्माल्याच्या पिशव्या कायम वर असतात. मूर्तिदान करावं की नदीतच विसर्जन, यावर घरी वेगवेगळी मतं असतात. मी मत देत नाही, यादी घरी पाठवतो.

१९. आमच्या शाळेजवळ नदी नाही, नालाच आहे. मग?

तोही चालेल, कधी कधी जास्तच चालेल. कोल्हापूरच्या जयंती नाल्याला जुनी माणसं अजून जयंती नदी म्हणतात. नदीचा नाला कधी झाला, हे आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून आणा, असा गृहपाठ द्या. पाण्याला मात्र हात नाही. तपासणी रस्त्यावरून आणि पुलावरूनच, बादलीसुद्धा नको.

२०. मुलगी विचारतेय, सर, ते ऑक्टोबरातलं संत्रं शेवटी कुठं गेलं?

कागदावर सांगायचं तर बावडा, मग सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे ओलांडून नृसिंहवाडी. तिथून कृष्णेबरोबर कर्नाटकात, आलमट्टीच्या धरणात. मग श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा आणि शेवटी बंगालचा उपसागर. अरबी समुद्र डोंगरापलीकडंच असून आपलं पाणी देश ओलांडून पूर्वेला जातं. खरं सांगायचं तर मधल्या धरणांतून संत्रं पार होणार नाही. रुईपर्यंत गेलं असेल तर तिथल्या कुणा म्हशीनं खाल्लं असेल, असा वर्गाचा अंदाज आहे.